बांगड्यांखालचे घट्टे

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ३७ वर्षांच्या आहेत. माहेर कोल्हापूर जिल्ह्यातलं, गेली १४ वर्षं पुण्यात. एका कंपनीत नव्याने लागलेल्या मुलामुलींना ग्राहकांशी कसं बोलावं हे शिकवतात. त्यांच्या गावाकडे बायकाही 'मी आलो', 'मी जातो' असंच म्हणतात. पुण्यात पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलवर त्यावरून हशा झाला आणि त्या 'आले-गेले'वर आल्या. आईशी फोनवर बोलताना मात्र अजून 'आलो-गेलो', तेही गॅलरीचं दार ओढून घेऊन. तीन आठवड्यांपूर्वी त्या मुळशीच्या बाजूला दोन दिवसांच्या 'स्वतःला शोधा' शिबिराला गेल्या. तिथे डॅफ्नीची ग्रीक कथा सांगितली गेली, सगळ्यांनी कागदी मुखवटे रंगवले आणि रात्री शेकोटीत टाकले. तेव्हापासून 'मी १४ वर्षं नाटक केलं' या विचाराने त्यांची झोप उडाली आहे. राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला आहे, दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा लांबलचक मेसेजही तयार आहे. नोकरी सोडून गावी जायचं आहे. पुढचं ठरलेलं नाही. नवरा म्हणतो, "तुला कमी काय आहे?" नऊ वर्षांच्या मुलीने एकदा दाराआडून फोन ऐकला आणि विचारलं, "आई, तू मुलगा आहेस का?" त्यावर त्या म्हणाल्या, "अगं, आजीला नीट मराठी येत नाही ना, म्हणून तिच्याशी तसं बोलते." त्यांचा प्रश्न: यातली खरी मी कोणती, आणि हे दोन्ही पाठवून टाकू का? पत्र हाताने लिहून त्याचा फोटो पाठवला आहे.

नमस्कार.

आधी कामाचं. मेल आणि मेसेज, दोन्ही आहेत तिथेच राहू द्या. पुसू नका, पाठवूही नका. का, ते सांगायला मला विराटनगरीपर्यंत जावं लागणार आहे. शिबिरवाल्यांनी तुम्हाला ग्रीसला नेलं, तेव्हा एवढी मुभा मलाही असावी.

डॅफ्नीपासूनच सुरू करू. तिची गोष्ट तुम्हाला 'मुक्तीची कथा' म्हणून सांगितली गेली, असं तुम्ही लिहिता. मला ती तशी कधीच वाटली नाही. पेनेउस नदीदेवाची ही मुलगी अपोलोपासून जीव घेऊन पळत होती. पाय उचलेनात तेव्हा तिने बापाला हाक मारली, माझं हे रूप घालव म्हणाली, आणि तिचं झाड झालं. केसांची पानं, पायांची मुळं. आणि अपोलोने काय केलं? त्याच झाडाची पानं डोक्यावर मिरवायला घेतली. म्हणजे रूप गेलं, पळणंही थांबलं, पण ती त्याच्या तावडीतून सुटली असं काही म्हणता येत नाही. रूपांतराच्या जुन्या कथांमध्ये 'स्वतःचा शोध' फार थोडा असतो. बहुतेकांत कुणीतरी अडकलेलं असतं आणि वाट काढत असतं. या कथा शेकोटीभोवती सांगायला छान, पण त्यांच्या जोरावर राजीनामा द्यायचा तर आधी पूर्ण ऐकायला हव्यात.

आता विराटनगरी. १२ वर्षांचा वनवास संपला, तेरावं वर्ष अज्ञातवासाचं. कोण काय होणार यावर पांडव खल करत बसलेत. अर्जुन बृहन्नडा व्हायचं ठरवतो. शापाची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, ती सोडून देऊ. मला त्या प्रसंगातलं त्याचं एक बोलणं महत्त्वाचं वाटतं. तो म्हणतो, प्रत्यंचेचे माझ्या हातांवर मोठाले घट्टे पडलेत, ते लपणं अवघड आहे. मी ते बांगड्यांनी झाकेन. आणि शंखाच्या बांगड्या भरून, वेणी घालून तो अंतःपुरात नाच-गाणं शिकवायला जातो.

ते हात जरा डोळ्यांसमोर आणा. राजकन्येला हस्तमुद्रा शिकवणारे हात, मनगटावर बांगड्यांची रांग, आणि त्याखाली धनुष्याने राठ झालेली कातडी. यातलं खोटं नेमकं काय? नाच त्याला खरंच येत होता, इंद्राच्या घरी असताना चित्रसेन गंधर्वाकडून शिकला होता. घट्टे तर खरेच होते. बाकीच्यांचंही बघा. युधिष्ठिर 'कंक' होऊन विराटाला म्हणाला की मी पूर्वी युधिष्ठिराचा मित्र होतो. भीम म्हणाला, त्यांच्या मुदपाकखान्यात होतो. सहदेव म्हणाला, त्यांच्या गाई सांभाळत होतो. सोंगं घेतली, पण खऱ्याच्या शेजारच्या घरातली घेतली. लांबची घेतली असती तर महिनाभरही निभली नसती.

तुमचंही तसंच झालंय, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. तुम्ही धरून चालला आहात की खरी बाई गावाकडची, आणि तिच्या अंगावर पुण्याने थर चढवले. पण पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय की शाळेत असताना गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागे लपून पुस्तकं वाचायचात, आणि एकटं असताना रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलून बघायचात. म्हणजे ही पुण्याची बाई गावातही होतीच की. तेव्हा ती लपलेली होती, आता ती दुसरी लपते. जागा बदलली, एवढंच. उद्या राजीनामा देऊन गावी गेलात तर सहा महिन्यांत पहिलीला पुन्हा कडब्यामागे जावं लागेल, याची मला धास्ती वाटते.

आणि '१४ वर्षं नाटक' हे तर मला मुळीच पटत नाही. त्यासाठी विराटपर्वाचा शेवट बघावा लागतो. उत्तरगोग्रहणाच्या वेळी, म्हणजे कौरव विराटाच्या गाई पळवायला आले तेव्हा, त्यांच्याशी लढायला विराटाचा मुलगा उत्तर निघतो, बृहन्नडा सारथी. तेव्हा त्याची बहीण उत्तरा, बृहन्नडेची शिष्या, आणि तिच्या मैत्रिणी काय मागतात? आमच्या बाहुल्यांसाठी त्या योद्ध्यांची रंगीत वस्त्रं घेऊन ये. मला हा तपशील फार आवडतो. समोर भीष्म-द्रोण आहेत आणि पोरींना बाहुल्यांचे कपडे हवेत. लढाईत भीष्म सोडून सगळ्यांना भूल पडते तेव्हा अर्जुन आठवणीने उत्तराला खाली उतरवतो आणि ती वस्त्रं काढून घ्यायला लावतो. परत येऊन, पुन्हा बृहन्नडेच्या वेशात, ती उत्तरेच्या हातात देतो. गुरुजींनी शब्द दिला होता.

मग ओळख उघड होते. विराट भारावून जातो, मुलगी अर्जुनाला देऊ करतो. अर्जुन म्हणतो, सून म्हणून घेतो, अभिमन्यूसाठी. वर्षभर तिच्याजवळ राहिलो, तिने मला बापासारखं मानलं, आचार्य मानलं. लोकांनी तिच्यावर संशय घेऊ नये हाही हिशेब त्यात होता, तो व्यवहारी माणूस होता. पण लक्षात घ्या, सोंगात जडलेलं नातं त्याने सोंगाबरोबर टाकून दिलं नाही. बांगड्या उतरल्यावरही तो तिचा गुरूच राहिला.

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षांपूर्वी तुमच्या हाताखाली शिकलेला नंदुरबारकडचा एक मुलगा दर दिवाळीला फोन करतो. तो कुणाला फोन करतो? नाटकातल्या पात्राला? त्याला सांगून बघा की ती बाई खोटी होती. तो तुम्हाला वेड्यात काढेल.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण हे सदर तुमच्यासारखेच पण तुमच्याहून अवघड जागी असलेले लोकही वाचतात. अज्ञातवास सगळ्यांना सारख्या भावाने पडला नाही. अर्जुनाला नृत्यशाळा मिळाली, भीमाला पोटभर जेवण, युधिष्ठिराला तर चक्क द्यूत! द्रौपदी सैरंध्री झाली आणि तिच्या वाट्याला कीचक आला. भर सभेत त्याने लाथ मारली आणि नवरे ओळख न दाखवता बसून राहिले. घर भाड्याने मिळावं म्हणून आडनाव सांगताना अडखळणारे, आपलं प्रेम कुणावर आहे हे घरी सांगू न शकणारे, यांच्या वेशाची किंमत तुमच्या 'आले-गेले'पेक्षा फार मोठी असते. त्यांना 'मुखवटा फेका' हे सांगणं सोपं आहे, सांगणाऱ्याचं काही जात नाही. त्यांनी आधी सुरक्षितता बघावी: डोक्यावर छप्पर, हातात पैसे, पाठीशी निदान एक माणूस. पण ज्या भूमिकेत रोज लाथ बसते तिथे वर्ष संपायची वाट बघू नये. द्रौपदीनेही बघितली नाही. त्या रात्री ती मुदपाकखान्यात गेली आणि भीमाला झोपेतून उठवलं.

तुम्हाला कीचक भेटलाय का? पत्रात तरी दिसत नाही. तुमचे साहेब बरे आहेत, काम आवडतं, मुलं आवडतात. हशा झाला तो १४ वर्षांपूर्वी, हॉस्टेलच्या खोलीत. त्या मुली आज कुठे आहेत हेसुद्धा तुम्हाला माहीत नाही. आणि त्यांच्यासाठी तुम्ही अजून गॅलरीचं दार ओढून घेताय.

पांडवांनी नगरात शिरण्याआधी शस्त्रं शमीच्या झाडावर बांधली. स्मशानाजवळचं झाड, त्यावर एक प्रेतही बांधलं, म्हणजे कुणी जवळ फिरकू नये. विचारणाऱ्या गुराख्यांना सांगितलं, ही आमची १८० वर्षांची आई, आमच्याकडे अशीच रीत आहे. दसऱ्याला आपल्याकडे शमीपूजन होतं तेव्हा शस्त्रांची गोष्ट सांगतात, प्रेताची कुणी सांगत नाही. आणि त्याच वेळी त्यांनी आपसांत बोलायला पाच गुप्त नावं ठरवली: जय, जयंत, विजय, जयत्सेन, जयद्बल. बाहेर कंक, बल्लव, बृहन्नडा, आपसांत ही. वर्षभर वेश निभावला तो या दोन गोष्टींवर, असं मी समजते. शस्त्रं कुठे ठेवलीत हे ठाऊक होतं, आणि खुणेच्या नावाने हाक मारणारी चार माणसं जवळ होती.

तुमच्याकडे झाड आहे, हाक मारणारं कुणी नाही. घरात, ऑफिसात, सोसायटीत एकही माणूस असा नाही ज्याच्याशी तुम्ही दार उघडं ठेवून 'जेवलो की मी' म्हणाल. मला वाटतं झोप तिथे उडालीय, नोकरीवरून नाही. नवऱ्याचं 'तुला कमी काय आहे?' ऐकून तुम्ही चिडलात, ते साहजिक आहे. पण त्याला हॉस्टेलचा प्रसंग कधी सांगितलात का? पत्रात नाहीये तो. त्याला वाटतंय तुम्ही काहीतरी मागताय. मागताय खरं, पण वस्तू नाही. एखाद्या संध्याकाळी, मुलगी झोपल्यावर, त्याला तो प्रसंग सांगा, तुमच्या बोलीत सांगा. समजवायला जाऊ नका, नुसता सांगा. ग्रुपवरच्या ४० माणसांना मेसेज टाकण्याआधी एका माणसाला सांगून बघण्यात तोटा काही नाही. (ग्रुपचं काय होणार ते मी आत्ताच सांगते: तीन अंगठे, दोन हात जोडलेले, आणि एका काकांचा सुप्रभात.)

आता ज्या वाक्यापाशी मी थांबले ते. "आजीला नीट मराठी येत नाही ना."

ताई, १४ वर्षांत तुम्ही खोटं बोललात ते हे एकच. बाकी सगळा वेश होता, बांगड्या होत्या. इथे मात्र तुम्ही घट्टे माझे नव्हेतच म्हणालात, आणि ते आईच्या हातावर ढकललेत. मी हे कठोरपणे म्हणत नाहीये. मी वेंगुर्ल्याची. कॉलेजात असताना वडील भेटायला आले आणि मैत्रिणींसमोर मोठ्याने "गो बाय" म्हणून हाक मारली, तेव्हा ओळखीचे आहेत, एवढंच सांगितलं होतं मी. वडील जाऊन २० वर्षं झाली. ते वाक्य मला अजून ऐकू येतं, म्हणून तुमचं लगेच ऐकू आलं.

महाभारतात याच जागेवर आणखी एक माणूस उभा राहिलेला आहे. नळ. वणव्यात सापडलेल्या कर्कोटक नागाला त्याने उचलून बाहेर काढलं, नाग म्हणाला पावलं मोजत चल, आणि दहाव्या पावलाला डसला. नळाचं रूप पालटलं, आखूड हातांचा कुरूप बाहुक झाला. नाग म्हणाला, तुला कुणी ओळखू नये म्हणून हे केलं, आणि माझं विष तुला नाही, तुझ्या आत बसलेल्या कलीला जाळेल. पुन्हा मूळ रूप हवं असेल तेव्हा पांघरायला दोन वस्त्रंही दिली. पुढे अयोध्येत ऋतुपर्णाच्या पदरी घोडे आणि स्वयंपाक. मग तो राजाला घेऊन विदर्भात, कुंडिनपूरला येतो. अमरावती जिल्ह्यातलं वर्धाकाठचं कौंडण्यपूर ते हेच असं मानतात. दमयंतीला संशय येतो. ती दासीला पाठवते, त्याने शिजवलेलं मांस मागवते, चाखते आणि ओळखते. चेहरा पूर्ण बदलला तरी हाताची चव तीच. मग ती दोन्ही मुलांना दासीबरोबर पाठवते. बाहुक धावत जाऊन त्यांना कवटाळतो, रडतो, आणि मग भानावर येऊन म्हणतो, माझी मुलं अशीच दिसतात हो, म्हणून रडू आलं. तू सारखी येऊ नकोस, लोक काहीतरी म्हणतील.

सगळ्या जगासमोर सोंग टिकलं, मुलांसमोर फुटलं. तुमचं मुलीसमोर फुटायला आलं होतं, तुम्ही घाईने सावरलंत.

तेव्हा पहिलं काम मुलीशी. तिला सांगा की त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. आजीला मराठी उत्तम येतं. आमच्याकडे 'मी' म्हणणारा बाप्या आहे की बाई, हे क्रियापद विचारतच नाही. तिच्या शाळेत इंग्रजी असेलच. तिथेही 'आय केम' म्हणताना कुणी विचारत नाही, आणि त्याला कुणी हसत नाही. मग एका रविवारी आजीला फोन लावा, स्पीकरवर, स्वयंपाकघरात, दार उघडं. मुलगी हसली तर हसू दे. ती हॉस्टेलच्या मुलींसारखी हसणार नाही, आणि हसलीच तर आजी तिला बघून घेईल.

नोकरीबद्दल नळाच्याच गोष्टीतली एक बारीक गोष्ट सांगते, ती सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. कुंडिनपूरच्या वाटेवर, बेहड्याच्या झाडाखाली, ऋतुपर्णाकडून द्यूताचं मर्म शिकल्यावर कली विष ओकत नळाच्या अंगातून बाहेर पडला. पण रूप पालटलं नाही. आतून मोकळा झालेला नळ बाहुकाच्याच शरीरात पुन्हा रथावर बसला, लगाम घेतले आणि ठरलेलं काम पुरं केलं. वस्त्रं त्याच्याजवळ होती, हवी तेव्हा पांघरता आली असती. दमयंती समोर येऊन सगळं बोलून झाल्यावर मगच पांघरली. तुमचा मेल म्हणजे ती वस्त्रं समजा. जवळ आहे, कुठे जात नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मुलीला घेऊन १०-१२ दिवस गावी राहून या. पाहुणी म्हणून नको, घरातलं काम करत राहा, आणि तिथे कुठल्या गोष्टीसाठी कडब्यामागे जावंसं वाटतं ते बघा. परत आल्यावर घरखर्च, हप्ते, तुमचा पगार गेला तर किती महिने निघतील, हे नवऱ्याबरोबर बसून कागदावर मांडा. एवढं करूनही जानेवारीत जावंसं वाटलं तर जा, मी अडवणार नाही. मधल्या काळात कामावर एक करता येईल. नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला आपापल्या बोलीत ओळख करून द्यायला लावा, अहिराणी असो, वऱ्हाडी असो, आगरी असो. सुरुवात तुम्ही करा. त्यानंतर ग्राहकाशी बोलायची भाषा शिकवा, ती शिकवण्यात काही गैर नाही. उत्तरेला नाचच शिकायचा होता. फक्त तुमच्या वर्गात कुणाचा हॉस्टेलचा पहिला आठवडा होऊ नये.

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. तीन आठवडे पुष्कळ झाले. नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि कुणाशी तरी बोलायला हवं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. रात्री दोनला मेसेजच्या ड्राफ्टमध्ये आणखी एक परिच्छेद घालण्यापेक्षा ते बरं.

आणि एक. पत्राच्या शेवटी तुम्ही 'उत्तराची वाट बघतो' असं लिहिलं होतं. मग 'बघतो' खोडून वर बारीक अक्षरात 'बघते' केलंत. पेन चांगलं दाबून खोडलंय, पण फोटो मोठा करून बघितला तर खालचं दिसतं.